जिलेटिनचा सवाल आणि भाड्याचं सर्टिफिकेट

यंदाचा रमजान मार्चमध्ये आला. चाँदरातीच्या आदल्या संध्याकाळी मी घाटकोपर पश्चिमेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमध्ये महिन्याभराच्या गोळ्या घ्यायला उभा होतो. माझ्या पुढे एक तरुण होता. त्यानं कॅप्सूल हातात घेऊन काउंटरवरच्या चाचांना विचारलं, "ह्याचं जिलेटिन कशाचं आहे? हलाल आहे ना?" चाचांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. स्ट्रिप उलटी करून वाचली, दुसऱ्या कंपनीची पाहिली आणि शेवटी तेच औषध गोळीच्या रूपात मिळतं म्हणून ते काढून दिलं. पाच-सात मिनिटं गेली. मागे रांग होती, पण कुणी कुरकुर केली नाही. हलाल-हरामचा सवाल होता.

मग माझी पाळी आली. मला दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. सकाळच्या नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन अशी जोडगोळी घेतो. मी विचारलं, "चाचा, रोजे आहेत. ही कधी घ्यायची?" ते म्हणाले, "सकाळचीच आहे ना? मग सहरीला घ्या." संपलं. एका वाक्यात.

तिसऱ्या रोज्याला दुपारी चारच्या सुमारास मला घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली. बायकोनं ओळखलं आणि तोंडात साखर कोंबली. रोजा तुटला, अशा वेळी तोडायची मुभा शरियतनं दिलेलीच आहे, त्याचं मला दुःख नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात काही असो वा नसो. त्यामुळे दिवसभर उपाशी राहणाऱ्यानं ती पहाटे पूर्ण मात्रेत घेऊ नये. त्यांनी मात्रा कमी केली आणि गोळी इफ्तारवर नेली. रोज्यांच्या आधीच यायला हवं होतं, असंही बजावलं. चूक माझीही होती. पण मुंबईच्या वस्तीत किती माणसं गोळीची वेळ विचारायला फी भरून डॉक्टरकडे जातात? आम्ही काउंटरवर विचारतो.

बरा झाल्यावर त्या दुकानात गेलो, तेव्हा पहिल्यांदा भिंतीकडे नीट पाहिलं. परवान्याशेजारी फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये लावलं होतं, वर फोटो. हिजाब घातलेली एक मुलगी. सहा वर्षं मी त्या दुकानात जातोय, तिला एकदाही काउंटरवर पाहिलेलं नाही.

हे सगळं आता लिहायचं कारण माझी भाची. तिनं यंदा डी.फार्म. पूर्ण केलं आणि सध्या ती एका परीक्षेची तयारी करते आहे, जी तिच्याआधीच्या मुलांना द्यावी लागत नव्हती. आतापर्यंत पद्धत अशी होती: बारावी सायन्स, मग दोन वर्षांची पदविका, राज्य तंत्र शिक्षण मंडळाची परीक्षा, पाचशे तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, आणि मग मुलुंडला जाऊन महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं. कौन्सिलचं कार्यालय मुलुंड पश्चिमेला कामगार विमा रुग्णालयाच्या आवारात आहे. आमच्या घराजवळून जाणारा एलबीएस मार्ग सरळ तिथं पोचतो. आता या रस्त्यावर एक टोलनाका उभा राहिला आहे. भारतीय फार्मसी परिषदेनं फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम काढले, डिप्लोमा इन फार्मसी एक्झिट एक्झामिनेशन. तीन पेपर, सगळे पर्यायी उत्तरांचे, सगळे इंग्रजीत. प्रत्येक पेपरात निदान ५० टक्के आणि तिन्ही पेपर एकाच वेळी पास. दोन पास, एक नापास झाला तर तिन्ही पुन्हा. कितीही वेळा बसता येतं, पण पास झाल्याशिवाय नोंदणी नाही. डॉक्टरांच्या नीट-पीजीसारख्या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय मंडळाकडेच ही परीक्षा दिली आहे आणि ३, ४ व ५ ऑक्टोबर २०२४ या तारखा जाहीर झाल्या आहेत.

भाची दहावीपर्यंत महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकली. अकरावीला सायन्स घेतलं आणि एका रात्रीत सगळं इंग्रजी झालं. पदविकेतही इंग्रजीच. ती हुशार आहे, पण तिला अजून इंग्रजी वाक्य आधी मनात उलटून घ्यावं लागतं. घर दहा बाय अठराचं, माणसं सहा. म्हणून आम्ही काही जणांनी जमातखान्याच्या वरच्या खोलीत अभ्यासिका चालू केली आहे, तिथं ती संध्याकाळी येते. तिच्यासोबत आणखी चार मुली आणि दोन मुलगे. त्यातली एक मुलगी मराठी शाळेतली, जवळच्या बौद्धवाडीतली आहे. गेले तीन आठवडे त्यांनी खाली गणपतीचे ढोल आणि नंतर १८ तारखेला निघालेल्या ईद-ए-मिलादच्या जुलूसचे डीजे ऐकत फार्माकॉलॉजी पाठ केलं. (या बाबतीत आपल्याकडे संपूर्ण सर्वधर्मसमभाव आहे.)

मी कॉमर्सचा माणूस. मला त्यांच्या विषयातलं काही कळत नाही. माझं काम चाव्या सांभाळणं, चहा सांगणं आणि प्रश्न वाचून दाखवणं. पण प्रश्न वाचता वाचता माझ्या लक्षात यायला लागलं की ही मुलं दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकताहेत आणि त्यांची आपसात ओळख नाही.

एक उदाहरण देतो. लहान मुलांची मात्रा काढायची जुनी सूत्रं त्यांना तोंडपाठ आहेत. यंगचं सूत्र: मुलाचं वय भागिले वय अधिक बारा, गुणिले मोठ्या माणसाची मात्रा. मी म्हटलं, दोन वर्षांचं पोर, मोठ्यांची पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, सांगा. सगळ्यांनी पटकन सांगितलं, साधारण ७१ मिलिग्रॅम. बरोबर. मग भाचीनंच शंका काढली. आजकाल डॉक्टर वजनावर देतात, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पोर बारा किलोचं असेल तर १२० ते १८० व्हायला पाहिजे. म्हणजे सूत्राचं उत्तर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचं उत्तर यांत दुपटीचा फरक. प्रश्नसंचात सूत्र येतं म्हणून पाठ करायचं, आणि दुकानात उभं राहिलं की विसरायचं.

पण दुकानातला खरा धोका या दोन्हींच्या पलीकडे आहे. पॅरासिटामॉलच्या मुलांच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत ५ मिलीमध्ये २५०, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी पहिली लिहिली, दुकानात ती संपली होती, काउंटरवरच्या माणसानं "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणत दुसरी दिली. आईनं सांगितल्याप्रमाणे एक चमचा पाजला, पोराला दुप्पट औषध गेलं. थेंबांची बाटली चमच्यानं पाजली तर चौपट. यात कुणाची नियत खराब नाही. फक्त बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय असलेला माणूस तिथं नव्हता.

किंवा मेथोट्रेक्सेट घ्या. सांधेवाताला देतात, आठवड्यातून एकदा घ्यायची. इतर गोळ्यांसारखी रोज घेतली तर जीव जातो. हे जगभर झालेलं आहे, पुन्हा पुन्हा झालेलं आहे. फार्मासिस्टनं करायचं काम एवढंच: स्ट्रिपवर पेनानं "फक्त सोमवारी" असं लिहायचं आणि आजीबाईंकडून वदवून घ्यायचं. हे काम चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारून तपासता येत नाही, हे मला कळतं. पण निदान प्रश्न तरी या बाजूनं विचारता येतो. आमच्या मुलांनी मग दर रविवारी एक खेळ सुरू केला. एकानं गिऱ्हाईक व्हायचं, एकानं काउंटरवर उभं राहायचं. गिऱ्हाईक कधी दखनी बोलतं, कधी मराठी, कधी भोजपुरी ढंगाची हिंदी. "ये लाल वाली गोली खाली पेट खाने की क्या?" पहिल्या रविवारी सगळ्यांची बोबडी वळली. फर्स्ट-पास मेटाबॉलिझमची व्याख्या इंग्रजीत घडाघड म्हणणाऱ्या मुलीला "थायरॉइडची गोळी चहाच्या आधी अर्धा तास पाण्याबरोबर घ्या" हे साधं वाक्य मराठीत जुळवता येईना. व्याख्या इंग्रजी, बाटली इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, आणि आजारी माणूस मात्र मराठी, उर्दू, गुजराती. हा पूल बांधायला कुठल्याच अभ्यासक्रमात गुण नाहीत.

तरीही मी या परीक्षेच्या विरोधात नाही. हे स्पष्ट लिहितो, कारण आमच्याकडे काही संस्थाचालक "गरिबांच्या मुलांवर अन्याय" म्हणून गळा काढताहेत. त्यांना गरिबांची मुलं दोन वर्षं फी भरताना दिसली नव्हती का? परिषदेनं २०१९ मध्ये नव्या फार्मसी कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. कॉलेजवाले कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. नुसत्या ठरावानं असा हक्क काढून घेता येत नाही, त्यासाठी रीतसर कायदा हवा, असं म्हटलं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण त्यानंतर कॉलेजं कशी उगवली ते महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलं. आता गंमत बघा. कॉलेजला मान्यता तीच परिषद देते. आणि त्याच कॉलेजातून पास झालेल्या मुलाला तीच म्हणते की, तुझ्या पास होण्यावर आमचा भरवसा नाही, पुन्हा परीक्षा दे. प्रयोगशाळा बंद ठेवणाऱ्याला काही नाही, शिक्षकाविना वर्ग चालवणाऱ्याला काही नाही. हिशेब फक्त मुलांकडून.

पाचशे तासांच्या प्रशिक्षणाचं तेच. भाचीनं जूनपासून तीन महिने एका दुकानात खरोखर काम केलं, रोज सकाळी नऊ ते दुपारी तीन. तिच्या वर्गातल्या कित्येकांनी दुकानाचं तोंडही पाहिलं नाही. ओळखीच्या मालकानं फॉर्मवर सही-शिक्का दिला. दोघांची कागदं सारखीच दिसतात. उलट, ज्यांनी काम केलं नाही त्यांना परीक्षेच्या तयारीला तीन महिने जास्त मिळाले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. जूनमध्ये भाचीचा निकाल लागला. दोन आठवड्यांच्या आत माझ्या बहिणीकडे एक गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन आले. लांबचे ओळखीचे, पाच वक्तांचे नमाजी, हज करून आलेले. दुकान टाकायचं आहे, सर्टिफिकेट लावायला हवंय, म्हणाले. महिना पाच हजार, मुलीला यायची गरज नाही, सह्या घरी पाठवून घेऊ. बहिणीनं सांगितलं, अजून नोंदणी नाही, आधी ती नवी परीक्षा आहे. ते म्हणाले, "काही हरकत नाही, परीक्षा होऊ द्या. पास झाली तर सहा देईन. आता सर्टिफिकेटवाली मुलं कमी मिळणार."

मला हे वाक्य विसरता येत नाही. सरकारनं परीक्षा आणली ती काउंटरवर जाणता माणूस उभा राहावा म्हणून. बाजारानं तिचा अर्थ लावला: माल कमी, भाव जास्त. तपासणी नसेल तर परीक्षा जितकी कठीण, तितकं भाडं चढं. या गृहस्थांना ऑक्टोबरच्या निकालाची वाट माझ्या भाचीइतकीच आहे.

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. त्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्यानं द्यायचं नाही. महाराष्ट्रात हे कधी गांभीर्यानं घेतलं गेलं असेल तर २०१२ च्या सुमारास, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना. फार्मासिस्ट जागेवर नसलेल्या दुकानांवर धडाधड कारवाई झाली, औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले, मोर्चे काढले. झगडे बदलून गेले आणि फ्रेममधले फोटो भिंतीवर निवांत झाले.

हा रोग फक्त आपल्या समाजात आहे असं मुळीच नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही धर्माच्या, जातीच्या दुकानात जा, सर्टिफिकेटवाला आणि गल्ल्यावरचा वेगवेगळे सापडतील. पण मी माझ्या घराबद्दल आधी बोलणार. माझे मेहुणे त्या रात्री म्हणाले, "बुरा काय आहे? मुलगी घरात राहील, घरबसल्या हलालची कमाई. रात्री अकरापर्यंत दुकानात उभी राहिलेली चालेल का तुम्हाला?" हा सवाल ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण रात्री अकराचा सवाल खोटा नाही. मुलीला रात्री उशिरा परत यायला भीती वाटते, हे मला माहीत आहे. पण त्याचं उत्तर दोन पाळ्यांत दोन फार्मासिस्ट हे आहे, किंवा हॉस्पिटलमधली दिवसाची नोकरी हे आहे. मुलीचं नाव दुकानात पाठवून मुलीला घरी ठेवणं हे उत्तर कसं होईल? तिचा फोटो अनोळखी माणसांच्या भिंतीवर लटकलेला चालतो, ती स्वतः पांढरा कोट घालून काउंटरवर उभी राहिलेली चालत नाही. ही कुठली पर्देदारी?

आणि हलाल म्हणाल तर, मी आलिम नाही, फतवा देत नाही. पण बाजारात धान्याच्या ढिगाऱ्यात हात घातल्यावर आत ओल लागली, ती हदीस आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. वरून सुकं, आतून ओलं. भिंतीवर फार्मासिस्ट, काउंटरवर दुसराच, यात आणि त्या ढिगाऱ्यात मला फरक दिसत नाही. नोंदणी ही अमानत आहे. लोकांनी भिंतीवरचं नाव पाहून भरवसा ठेवायचा आणि ते नाव घरी बसून भाडं खाणार. कॅप्सूलचं जिलेटिन कुठल्या जनावराचं, हे विचारायला आपण पाच मिनिटं रांग थांबवतो. ती कॅप्सूल हातात देणारा कोण, हे मी माझ्या आयुष्यात कुणाला विचारताना ऐकलं नाही. मीही विचारलं नव्हतं, चक्कर येऊन पडेपर्यंत.

आमच्या जलशांत वक्ते उठतात आणि औषधशास्त्र मुसलमानांनी जगाला दिलं म्हणून सांगतात. इब्न सिना येतो, अल-बिरुनीचा औषधांवरचा ग्रंथ येतो, मग थेट १९३५ साली मुंबईत सिप्ला काढणारे ख्वाजा अब्दुल हमीद येतात. सगळं खरं आहे. अभिमान मलाही आहे. पण त्याच जुन्या शहरांत मुहतसिब नावाचा अधिकारी असायचा, तो अत्तारांच्या, दवा विकणाऱ्यांच्या दुकानात जाऊन भेसळ तपासायचा, मापं तपासायचा. त्यानं काय काय पाहावं यावर पुस्तकं लिहिली गेली. हे वक्ते मुहतसिबाचं नाव घेत नाहीत. तो आला तर पहिल्यांदा मंचावरच्या दोघा-तिघा देणगीदारांच्या दुकानात जाईल.

आता चाचांबद्दल. ज्यांनी मला सहरीला गोळी घ्यायला सांगितली ते. मी त्यांच्यावर रागावलो होतो, आता नाही. दहावी पास, एकोणीस वर्षं त्याच काउंटरवर. डॉक्टरांचं कसलंही अक्षर वाचतात. कुठलं औषध कुठल्या कप्प्यात, बिनचूक. लाल रेघेची कुठली, रजिस्टरमध्ये नोंद करायची कुठली, हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. कायद्याच्या लेखी ते तिथं नाहीतच. भिंतीवरची मुलगी आहे, काउंटरवरचे चाचा नाहीत.

अमेरिकेत अशा माणसाला नाव आहे. माझ्या चुलत बहिणीची सून न्यू जर्सीत फार्मसी टेक्निशियन आहे. तिथं १९९५ पासून टेक्निशियनांच्या प्रमाणपत्राचं मंडळ आहे. नव्वद प्रश्नांची परीक्षा, दोन तासांहून कमी वेळ. बसायला एक तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केलेला हवा, नाही तर टेक्निशियन म्हणून केलेल्या कामाचे निदान पाचशे तास. योगायोगानं तोच पाचशेचा आकडा. शिवाय दर दोन वर्षांनी वीस तासांचं नवं शिक्षण घेतलं तरच प्रमाणपत्र चालू राहतं. ती गोळ्या मोजते, लेबल लावते, विम्याचं बघते. सल्ला मात्र फार्मासिस्टनंच द्यायचा, तिला देता येत नाही. आखाती देशांत तर आपल्या डी.फार्म. झालेल्या मुलांनाच टेक्निशियन किंवा असिस्टंट म्हणतात आणि परवान्याची वेगळी परीक्षा घेतात. इथला "फार्मासिस्ट" तिथं एक पायरी खाली उतरतो, ते आमच्या कोकणातल्या अनेक घरांना चांगलं माहीत आहे.

आपल्याकडे ही मधली पायरीच नाही. वर फार्मासिस्ट, खाली कुणीच नाही, आणि प्रत्यक्ष औषध देतो तो हा कुणीच नाही. पूर्वी असं नव्हतं. १९४८ च्या कायद्यानं पहिली नोंदवही केली, तेव्हा दवाखान्यात पाच वर्षं कंपाउंडरचं काम केलेल्यालाही त्या वहीत जागा दिली होती. ते दार पुढे बंद झालं, ते योग्यच; आजची औषधं मिक्श्चरच्या बाटलीइतकी साधी नाहीत. पण चाचांसारख्या लाखभर माणसांसाठी दुसरं, छोटं दार उघडायला काय हरकत आहे? मराठीत, हिंदीत, उर्दूत परीक्षा घ्या. बाटलीची ताकद वाचता येते का, एकसारख्या नावांच्या गोळ्या वेगळ्या ओळखता येतात का, कुठल्या प्रश्नाला "थांबा, फार्मासिस्टना विचारतो" असं म्हणायचं, एवढंच तपासा. आणि ज्यांना विचारायचं ते फार्मासिस्ट मागच्या टेबलावर बसलेले असू देत. एक्झिट परीक्षा घेणाऱ्यांनी कॉलेजांचं आणि भाड्याचं काय करायचं ते ठरवलं नाही, तर तीन दिवसांच्या तीन पेपरांतून बाहेर पडेल ती फक्त आणखी महाग फ्रेम.

दोन आठवड्यांपूर्वी एका रविवारी चाचा अभ्यासिकेत आले. मीच बोलावलं होतं, चिठ्ठ्यांवरची अक्षरं वाचायला शिकवा म्हणून. त्यांनी पिशवीतून जुन्या चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढल्या, नावं खोडलेल्या. तासभर मुलांना घाम फोडला. एकसारख्या दिसणाऱ्या दोन नावांतला फरक रोगावरून आणि डॉक्टरच्या डिग्रीवरून कसा ओळखायचा, ते त्यांनी सांगितलं. कुठल्याही पुस्तकात ते नाही. मग खेळ सुरू झाला. भाची काउंटरवर, चाचा गिऱ्हाईक. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बेटी, रोजे आहेत. साखरेची गोळी सकाळची आहे. कधी घेऊ?"

भाचीनं आधी गोळीचं नाव विचारलं. मग सांगितलं की ही गोळी उपाशीपोटी साखर खाली आणू शकते, वेळ आणि मात्रा दोन्ही डॉक्टरांना विचारून बदलावी लागतील, तोपर्यंत सहरीला घेऊ नका. आणि रोज्यात घाम आला, हात थरथरले तर रोजा सोडून लगेच साखर खा. चाचा ऐकत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही."

निघताना त्यांनी मला जिन्यात विचारलं, ही परीक्षा त्यांना देता येईल का. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, शंभर पानी वही घेऊन. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा, असं त्यांनी उर्दूत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मिठाईवाल्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन येऊन गेला. बहीण म्हणाली, पेपर होऊ द्या. भाचीनं तिला सांगितलंय की ती मुलुंडला नाव नोंदवायला जाईल तेव्हा अर्जाबरोबरच दिवसपाळीची नोकरी शोधायला लागणार. मेहुणे अजून काही बोललेले नाहीत. पहिल्या पेपरला तिला केंद्रावर सोडायला मात्र मीच जाणार, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं आहे.